दादाचा संगणक बोलायला लागला

माझा दादा एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसला आणि त्या खुर्चीवरून त्याने अख्खी कंपनी ओळखली. कुणाचा खोकला जुना आहे, कोण घरी भांडून आलंय, कोणत्या साहेबाचं बोलणं बायको फोनवर असताना बदलतं, सगळं त्याला ठाऊक. तो कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होता. डोळे वयाच्या पाचव्या वर्षीच गेले. उरलं ते कान आणि आवाज. आवाज मात्र असा की लोक नुसते ऐकत राहायचे.

आमच्या शहरातलं कार्यालय आणि दुसऱ्या गावचं कार्यालय यांच्यामध्ये एकच लाइन होती, म्हणून प्रत्येकाला तीनच मिनिटं. मग दादा मध्ये पडायचा, "तीन मिनिटं झाली." मोठा साहेब असो नाहीतर शिपाई, सूर तोच. आणि कट. या एका गोष्टीवरून त्याला शिव्याही भरपूर पडल्या.

त्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसायची. तिला घरात आम्ही "पलीकडची" म्हणायचो. बावीस वर्षं दोघं एकमेकांना आवाजाने ओळखत होते, भेट एकदाही नाही. घरी येऊन जेवताना दादा सांगायचा, आज पलीकडचीला सर्दी झालीय, आज पलीकडची गप्प होती. मी "हं" म्हणायची आणि वाढायची. मला ती बाई पहिल्या दिवसापासून आवडत नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू.

खोटं मी नंतर बोलले.

बोर्ड बंद झाला, माणसाच्या जागी यंत्र आलं, दादा घरी बसला. निरोपाला कंपनीने काय दिलं? त्यांच्या कुठल्याशा खोलीत धूळ खात पडलेला संगणक. आंधळ्या माणसाला पडदा! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो डबा तिथल्या तिथे परत पाठवणार होते. दादा म्हणाला, "असू दे गं, तू आहेस ना वाचायला." आणि मी विरघळले. तेव्हापासून संगणकावर आलेलं टपाल, म्हणजे ई-मेल, मी वाचायचं, तो सांगेल ते मी टाइप करायचं, असा रिवाज पडला. दुपारी दोन ते तीन, खिडकीजवळ, तो खुर्चीत आणि मी स्टुलावर.

पलीकडचीही टपाल पाठवायला लागली. फोन का नाही, तर तिचे कान गेले होते. एवढी वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई, ठार बहिरी झाली. पत्रं साधीच असायची. पाऊस, गुडघे, शेजारणीची मांजर. मी शब्दन्शब्द वाचून दाखवायची.

चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी मी असंच एक पत्र वाचायला घेतलं. "माझे कान गेले, तुमचे डोळे कधीपासून नाहीत. दोघांचं मिळून एक माणूस नीट होईल. माझ्या घरात खालच्या मजल्यावर खोल्या रिकाम्या आहेत. या." यातलं पहिलं वाक्यसुद्धा मी मोठ्याने वाचलं नव्हतं. डोळा नुसता पुढे धावला, "या" वर अडकला. दादा मान तिरकी करून वाट बघत होता. मी पडद्याकडे बघत म्हटलं, "बरी आहे म्हणते. भाचीकडे जाणार आहे कायमची. तिथून पत्र लिहिणं जमणार नाही म्हणते."

दादाने मान सरळ केली. मग म्हणाला, "लिही. तुमच्या निर्णयाचा आनंद वाटला. सुखाने राहा." ते मात्र मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्यावर तिचं दोन ओळींचं उत्तर आलं, ते मी सांगितलंच नाही.

लोक म्हणतात, हिने भावासाठी लग्न केलं नाही. मीही तेच म्हणत आले, ऐकायला बरं वाटतं. खरं असं आहे की मला कुणी विचारलं नव्हतं. दादा गेला असता तर मी त्या घरात कुणासाठी उठले असते? मला एकटं पडायची भीती वाटली. बस, एवढंच कारण होतं. याहून मोठं काही नव्हतं.

मग यंदा खांब्या आला. खांब्या म्हणजे कंपनीचा लाइनमन, ताडमाड उंच, जन्मभर खांबांवर चढला म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर त्याला संगणकाचं वेड लागलं. म्हणाला, "दादा, या डब्यात लिनक्स टाकू, संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जुन्या यंत्रावर पळतं, आणि टाकतानासुद्धा बोलतं. तूच टाक, मी नुसता बसतो."

"बोलतं म्हणजे?" मी विचारलं.

"ताई, कोणतं बटण दाबलं, पुढे काय विचारलंय, सगळं सांगतं."

मला वाटलं, बटणांची नावं सांगत असेल. सांगू दे बिचारं. दादाने मला एकच काम दिलं, "डिस्क पुसली जाणार आहे. माझी सगळी पत्रं आधी काढून ठेव. एकही जाता कामा नये." आणि मी, शहाणी, सगळं टपाल पेन ड्राइव्हवर उतरवलं, दोनदा तपासलं आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवलं.

रविवारी सकाळी दहाला दादा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर निघाल्यासारखा बसला. खांब्याने त्याचा लिनक्सवाला पेन ड्राइव्ह मागे खोचला. संगणकातून 'टुक' असा आवाज आला. "आता एस दाब, मग एन्टर," खांब्या म्हणाला. अंधशाळेत टाइपरायटर शिकलेल्या दादाने बरोबर दाबलं. थोडी खरखर झाली आणि डबा बोलायला लागला.

देवा, काय तो आवाज! नाकात बोलणारा, पत्र्याचा. पण दादाचा चेहरा असा उजळला की मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. डबा प्रश्न विचारायचा, पर्याय एक, दोन, तीन असे म्हणून दाखवायचा, दादा आकडा दाबायचा. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, घड्याळ कुठलं. डिस्क पुसायच्या वेळी तो दोनदा विचारायला लागला, तसा दादा हसला, "हो रे बाबा, पूस!" पासवर्डची वेळ आली तेव्हा म्हणाला, "तोंडं फिरवा दोघंही." खांब्याने फिरवलं. मी नाही. पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या आणि त्याची बोटं इतकी भरभर चालली की मला एक अक्षर कळलं नाही.

दुपारी एकपर्यंत सगळं झालं. खांब्याने त्याला मराठी बोलायला लावलं आणि गंमत म्हणून एका बातमीवर नेलं. डब्याने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बातमी वाचून दाखवली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे नुसती बटणं नाही वाचत, लिहिलेलं सगळं वाचतं. मी पदराची गाठ मुठीत धरली.

"पत्रं दे," दादा म्हणाला.

बादली मोरीत होती, पाण्याने भरलेली. ड्राइव्ह त्यात बुडवून बिघडला म्हणता आलं असतं, हरवला म्हणता आलं असतं. पण खांब्या समोर उभा होता आणि त्याला दिसत होतं. आमच्या घरातलं खोटं फक्त न दिसणाऱ्यासमोर चालायचं. मी गाठ सोडली.

खांब्या पत्रं चढवून जेवायला घरी गेला. दादाने काही शोधलं नाही, इकडेतिकडे गेला नाही. सरळ पलीकडचीच्या नावावर गेला आणि त्याच्या हिशेबाने तिचं शेवटचं असलेलं पत्र उघडलं. डबा त्याच्या पत्र्याच्या आवाजात म्हणाला, माझे कान गेले, तुमचे डोळे कधीपासून नाहीत. तिथून "या" पर्यंत आला. मी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. पण पुढे आणखी एक ओळ होती. मी "या" वरच थांबले होते, नंतर ते पत्र उघडायची हिंमतच केली नव्हती. डबा म्हणाला, "आणि बहिणीला मागे ठेवू नका. तिची खोली बागेच्या बाजूची आहे, उजेड चांगला येतो."

मग दुसरं पत्र. "तुमच्या शुभेच्छा मिळाल्या. समजले. पुन्हा त्रास देणार नाही."

"दादा," मी म्हटलं. आणि सुरू झाले. मी घाबरले होते, मी तुझ्यासाठी काय काय केलं, मला वाटलं ती तुला घेऊन जाईल, मला ती शेवटची ओळ माहीत नव्हती रे, शपथ माहीत नव्हती. रडत होते, नाक पुसत होते, त्याच्या गुडघ्याला धरून बोलत होते. त्याने मान तिरकी करून सगळं ऐकलं. मग अगदी बोर्डावरच्या आवाजात म्हणाला,

"तीन मिनिटं झाली."

आणि खुर्ची पडद्याकडे फिरवली.

त्याच दिवशी त्याने तिला स्वतः लिहिलं. एकेक अक्षर ऐकत, खोडत, तासभर. आता तो कानाला हेडफोन लावून बसतो. दुपारी दोन ते तीन, तीच खिडकी. स्टूल मी स्वयंपाकघरात नेलं. आमचं बोलणं चालतं, मीठ आहे का, गिरणीत जायचंय का, एवढं.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. मला त्याच्या पाठीवरून कळलं, पाठ एकदम ताठ झाली. त्याने ते ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. मग पडदा बंद केला आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पासवर्ड त्याच्याकडे आहे. मी दारात उभी, हात ओले.

"काय लिहिलंय रे तिने?" मी विचारलं.

दादाने चेहरा माझ्याकडे वळवला.

"बरी आहे म्हणते," तो म्हणाला. "भाचीकडे जाणार आहे कायमची."