आत्यानं पिन लावलेली पानं

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला, शाळेत, चाचणीचे पेपर तपासत बसले होते. फोन पाटसहून, तिच्या शेजारच्या कदमांचा. "जेवल्या, ओट्यावर येऊन बसल्या, चष्मा घातला आन् तशाच मागं टेकल्या," एवढंच ते बोलले. चष्मा घातला म्हणजे वाचायला बसली होती. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की, पुस्तक कुठलं होतं? विचारला नाही. अशा वेळी असलं विचारणारी बाई वेडी ठरते, आणि पुस्तकापायी वेडी म्हणवून घ्यायचा मान आमच्या घरात आत्याचाच होता...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शिकली सातवीपर्यंत. नवरा पाटसच्या साखर कारखान्यात होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिल्या दोन खोल्या, त्यांच्यापुढचा एक लांबरुंद ओटा आणि वाचायचं वेड. गल्लीत तिला सगळ्या आक्का म्हणत. दुपारची भांडी झाली की आजूबाजूच्या बाया आपापलं सूप घेऊन ओट्यावर यायच्या. कुणी शेंगा फोडायच्या, कुणी ज्वारी निवडायच्या, आणि आत्या मोठ्यानं कादंबरी वाचायची. वाचणारीनं काम करायचं नाही, असा तिथला कायदा. तिच्या वाटणीचं धान्य बायाच निवडून द्यायच्या, त्यामुळे आत्यानं आयुष्यात स्वतःच्या घरची ज्वारी निवडली असेल असं मला वाटत नाही. दुसरा कायदा असा की वाचन चालू असताना कुणी बोलायचं नाही. आत्या श्वास घ्यायला जास्त वेळ थांबली, तर कुणीतरी सुपातले दाणे खुळखुळवायचं. त्याचा अर्थ, पुढं वाच. या इशाऱ्याचा तिला भारी राग यायचा. "मी काय रेडू हाय का गं, कान पिळला की बोलाया?" म्हणायची, आणि पुढं वाचायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती कादंबरी आली. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी वाचली आहे त्यांना कळेल, आणि आमच्या ओट्यावर तिला नुसतं 'पयली' म्हणत. भीमेकाठचं धनगराचं कुटुंब, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जाणारं, आणि धुळा नावाचा त्यांचा पोरगा. बाप मेंढरं विकून कालव्याच्या पाण्यावर ऊस लावायचं ठरवतो, धुळा भांडतो, आणि शेवटच्या पानावर हमरस्त्याला येऊन एका ट्रकमध्ये चढतो. आई रस्त्याकडे बघत उभी राहते. संपलं. त्या पुस्तकाला बक्षिसं मिळाली, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी माझी प्रत आत्याला नेऊन दिली.

ओट्यावर पयली संपली त्या दुपारी मी तिथं होते. झुंबराबाई डोळ्याला पदर लावून बसली होती. झुंबराबाई आत्याच्या मागच्या आळीतली, आत्याच्याच वयाची. तिच्याही घरची मेंढरं विकून ऊस आला होता. तिचाही पोरगा, नवनाथ, बापाशी भांडून शिक्रापूरकडच्या एका ट्रकवर क्लिनर म्हणून चढला तो परत फिरकला नव्हता. गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. सांगावा नाही, काही नाही. डोळे पुसून तिनं मला विचारलं, "मास्तरीणबाई, ह्याच्या फुडलं ल्ह्यायचं न्हवतं व्हय त्या सरांनी?"

मी म्हणाले, "लिहितील मावशी. दुसरा भाग येणारे म्हणतात."

झालं. तेव्हापासून मी पाटसला गेले की चहाच्या आधी तिचा प्रश्न यायचा, दुसरी आली का? आत्या तिला चिडवायची, "आगं, सर ल्ह्यायला बसल्यात, त्यांला जेवू तरी दे." पण आत्यालाही कळत होतं की ही बाई पुस्तकाची वाट बघत नाही. धुळा कुठं गेला हे कुणीतरी लिहीत आहे, म्हणजे ट्रकवर चढलेल्या पोरांचं काहीतरी होतं, कुणाला तरी ते ठाऊक असतं, एवढा आधार तिनं धरला होता.

दुसरी आली त्याला मधे काही वर्षं गेली. मी दोन रात्रींत वाचली आणि नाराज झाले. एक प्रत आत्याला पाठवली होतीच. चार दिवसांनी तिचा एस.टी.डी. बूथवरून फोन आला. "धुळा मेला गं," म्हणाली, आणि रडायला लागली. मागे लोक फोनसाठी ताटकळले होते, बूथवाला घाई करत होता, आणि ही रडतेय. मी समजावलं, अगं, कादंबरी आहे. तर म्हणाली, "ते मला ठावं हाय. तिसऱ्याच परकरणात मारलाय. आता झुंबराला मी काय वाचून दावू?"

त्या दुसरीवरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत होत नसतील. त्यात धुळा कारखान्यात कामाला लागतो, यंत्राच्या अपघातात जातो, आणि उरलेलं सगळं पुस्तक त्याच्या आईचं आहे. ती एकटी राहते, चार मेंढरं घेते आणि शेवटी म्हातारपणी एकटीच जुन्या वाटेनं घाटाला लागते. आमच्या शिक्षकखोलीचं मत पडलं की पयलीत रक्तमांस होतं, दुसरी म्हणजे नुसता पंचनामा. मीही तेच तावातावानं बोलत होते. कदम तेव्हा कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायचे, ते माझ्यावर उखडले. "ताई, पयली आमच्या आज्याची व्हती, दुसरी आमची हाय. तुम्हाला मेंढरं बघायला आवडत्यात, कंपनीचा गेट न्हाई आवडत." मी त्यांना उलट उत्तर दिलं खरं, पण ते काय दिलं ते आता आठवत नाही, त्यांचं वाक्य मात्र आठवतं.

पुढच्या खेपेला गेले तर ओट्यावर दुसरी रंगात आली होती. मी दाराआड बसून ऐकायला लागले आणि चक्रावले. धुळा जिवंत होता. कारखान्यातून आईच्या दारात आलेला माणूस, जो पुस्तकात वाईट बातमी घेऊन येतो, तो इथं धुळाची खुशाली सांगत होता, चहा पीत होता. आत्या पुस्तकावर नजर ठेवून, बोट ओळीवरून फिरवत, न अडखळता हे सगळं वाचत होती. बाया गेल्यावर मी पुस्तक ओढून घेतलं. तिसरं प्रकरण तिनं पदराच्या पिनेनं टाचून बंद केलं होतं, चुकून उघडू नये म्हणून. पुढचं ती पहाटे उठून वाचायची आणि धुळाला कुठं कसा जिवंत ठेवायचा ते ठरवूनच दुपारी बसायची.

"आत्या, तू लेखकाचं पुस्तक बदलतेस," मी म्हणाले. मराठी शिकवते मी, मला संताप आला होता.

"मी कुठं बदललं? छापलेलं एक अक्षार तरी खोडलंय का? हाय की जसंच्या तसं."

"हे खोटं आहे."

"आन् त्यातलं खरं हाय व्हय? धुळा खराच व्हता व्हय?" मग जरा शांत होऊन म्हणाली, "झुंबराच्या म्होरं ते पान माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई. तू वाचून दाव, तुला जमत आसंल तर." मला जमलं नसतं. मी पुस्तक तिच्या हातात परत दिलं.

त्यानंतर वर्षभरात लेखक शिरूरला आले. वाचनालयाच्या सभागृहात दुसरीवर चर्चा ठेवली होती, धावपळ माझ्याकडे होती. आत्या पाटसहून आली, सोबत झुंबराबाईला घेऊन. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "हिला कशाला आणलंस? इथं सगळं निघेल." आत्या म्हणाली, "ती आयकंना. म्हणली, ज्यानं ल्हिलं त्याला मला बघायचंय." दोघी मागच्या रांगेत बसल्या आणि माझं चर्चेत लक्ष लागेना. प्रत्येक वक्ता उठला की मी मागं वळून बघायचे. सुदैवानं सगळे शैलीवर, रचनेवर, तोचतोचपणावर घसरले. धुळाच्या मरणाबद्दल कुणी बोललं नाही, ते जणू सगळ्यांना माहीतच होतं. लेखक मान खाली घालून टिपणं काढत होते. गोरेले, थकलेले गृहस्थ. पयलीचं कौतुक ऐकायची सवय झालेल्या माणसाला दुसरीसाठी असं तासभर ऐकावं लागत होतं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसत होता.

शेवटी, श्रोत्यांपैकी कुणाला बोलायचंय का, असं विचारलं. झुंबराबाई उभी राहिली.

"मला दुसरी आवाडली," ती म्हणाली. "घाटात पोरगं आईला भेटतंय, ते लई झ्याक ल्हिलंय."

सभागृहात दोनचार जण हसले. पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक वळून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, पुस्तकात तसं..." आणि तेवढ्यात लेखकांनी हात वर केला. "बोलू द्या त्यांना." त्यांची नजर झुंबराबाईवरून तिच्या शेजारी, लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसलेल्या आत्यावर गेली आणि तिथंच थांबली. मग झुंबराबाईला त्यांनी विचारलं, "भेटल्यावर तो काय म्हणतो?"

"बोलत न्हाई कायबी. तिच्या खांद्यावर कोकरू असतंय, ते काढून आपल्या खांद्यावर घेतो आन् चालाया लागतो."

लेखकांनी टिपणांचा कागद मिटला. मग "बसा," म्हणाले, आणि आभार मानून मोकळे झाले.

नंतर चहाच्या वेळी ते कप घेऊन सरळ आत्याकडे आले. मी तिथंच होते. आत्यानं आडपडदा ठेवला नाही, झुंबराचा पोरगा, पिन, पहाटेचं उठणं, सगळं सांगून टाकलं. "माफी करा," म्हणाली. "दुसरी चांगली हाय हो सर. लोकं काय बी म्हणंनात. पर ती ज्यानंत्यानं एकट्यानं वाचायची हाय. ओट्यावर वाचायची न्हाई."

ते हसले. "कोकराचं मला सुचलं नाही," एवढंच म्हणाले.

परतताना एस.टी.त झुंबराबाई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. आत्यानं तिला दोनदा विचारलं, दमलीस का? तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं दुसरीचं नाव कधी काढलं नाही, पुन्हा वाच असंही म्हणाली नाही, आणि आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. ओट्यावर नवी पुस्तकं येत राहिली. गल्लीत टीव्ही आले, बाया कमी झाल्या, काही सुना येऊन बसू लागल्या. लेखकांनी तिसरी लिहिलीच नाही. नवनाथ आला नाही.

आत्याचं सगळं उरकल्यावर, पंधरवड्यानं, मी खोल्या आवरायला पाटसला गेले. ज्वारीचा डबा उघडला तर काठोकाठ निवडलेली ज्वारी, एक खडा नाही. तो डबा बघून मी खाली बसले आणि पहिल्यांदा मनमोकळं रडले. पुस्तकं कपाटात होती, दुसरी पयलीला टेकून. पिन तशीच.

दुपारी ओट्यावर आले तर झुंबराबाई येऊन बसली होती, मांडीवर सूप, सुपात शेंगा. शेजारच्या दोघी-तिघी होत्या. आत्याची जागा रिकामी. "बस," झुंबराबाई मला म्हणाली. "दुसरी आण आन् वाच. पिन काढून."

मी उभीच राहिले. "मावशी, तुम्हाला पिनेचं..."

"शिरूरला तो मास्तर 'पुस्तकात तसं' म्हणला आन् गप बसला, तवाच कळलं मला. घरी आल्यावर एकदा आक्का आत चहा करत व्हती, तवा पिन बघितली. वाचाया येत न्हाई मला, पर येवढी पानं कुणी टाचून ठिवतं व्हय?" तिनं एक शेंग फोडली. "ती व्हती तवर इचारलं न्हाई. तिनं येवढं केलं माझ्यासाठी, तिला कशाला वाईट वाटू द्यायचं."

तिनं टरफल सुपाबाहेर टाकलं.

"मला येकच सांग. पोरगं जर न्हाई, तर मग घाटात तिच्यासंगं कोण व्हतं?"

"कुणी नव्हतं मावशी. एकटीच होती."

"चढली का?"

"चढली."

"मग ते वाच. कशी चढली ते मला आयकायचंय."

मी आतून पुस्तक आणलं. पिन गंजून कागदाला चिकटली होती. काढली तेव्हा पानांवर दोन तांबूस भोकं राहिली. आत्याच्या जागेवर बसले, चष्मा घातला आणि तिसरं प्रकरण वाचायला लागले. धुळा जातो ती ओळ आली. हीच ओळ मी कधीकाळी कोरडी म्हणून बाद केली होती, पंचनामा म्हणाले होते. आज ती माझ्या तोंडातून निघेना. दोन शब्द वाचले आणि थांबले. मी मान वर केली नाही, करायची हिंमतच नव्हती.

मग शेजारून, झुंबराबाईच्या सुपातले दाणे खुळखुळले.