डायनामोमागचे भोकाचे पैसे

चाँदपाशाची मोटार चालते कशी, हे मला ती चालत होती तेव्हाही कळलं नाही आणि कायमची बंद पडली तेव्हाही नाही. मी लोहाऱ्याच्या शाळेत मास्तर, घर तुळजापूरला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिच्यात बसून घरी जायचं, एवढाच खरं तर आमचा संबंध. पण माझी खोली त्याच्या घराला लागून होती, आणि शेजारी म्हटल्यावर माणूस कशात ओढला जाईल काही सांगता येत नाही.

चाँदपाशा मूळचा एका जहागीरदाराचा ड्रायव्हर. पोलीस अ‍ॅक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघून गेले आणि जाताना मोटारीची किल्ली याच्या हातावर ठेवून गेले. तेव्हापासून लोहारा ते तुळजापूर अशी ती विलायती म्हातारी माणसं कोंबून धावायची. बाजूच्या फळीवर उभे राहणारे वेगळे. चाँदपाशा उंच, किडकिडीत, अंगात कायम खाकी कोट. बोलणं कमी. घरात तो आणि त्याची बायको अजीजाबी, दोघंच.

दोघंच म्हणतो, पण तिसरा होता. महेबूब. नुकता चालायला लागला होता तेव्हा देवीच्या साथीत गेला. गावाबाहेर कब्रस्तानाच्या भिंतीशी लिंबाखाली त्याची एवढीशी कबर. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, अजीजाबी उदबत्ती घेऊन भिंतीपर्यंत जायची, बायकांनी आत जायची रीत नव्हती म्हणून बाहेरूनच बघायची आणि परत यायची. सोलापूरला गिरणीत असलेला तिचा भाऊ कधीपासून दोघांना तिकडं बोलावत होता. तिचं उत्तर ठरलेलं होतं, "त्याला एकट्याला टाकून म्या कुठं जाऊ?"

बासष्ट सालच्या होळीच्या सुमाराला मोटारीचा डायनामो जळला. डायनामो म्हणजे काय, हे चाँदपाशानं मला समजावलं. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि बॅटरी भरतो. तो नसेल तर बॅटरी मरते आणि मोटार जागची हलत नाही. मी मान डोलावली. मला एवढंच कळलं की आता शनिवारी घरी जाता येणार नाही.

नवा डायनामो घेण्याची त्याची ऐपत नव्हती. तो सोलापूरच्या जुन्या बाजारातून कुठल्याशा मोडक्या ट्रकचा डायनामो खांद्यावर घेऊन आला. येताना मेव्हण्याचा निरोपही आणला होता. गिरणीत जागा आहे, आठ दिवसांत या, नाहीतर दुसरा माणूस घेतील. चाँदपाशा मला म्हणाला, "मास्तर, गाडी चालली तर गाव हाय. न्हाय चालली तर सोलापूर."

आत अजीजाबी भाकरी थापत होती. तिचं थापणं तेवढं थांबलं.

डायनामो बसला. भोकात बोल्ट गेले, नट आवळले, मला वाटलं झालं काम. हॅण्डल मारलं, इंजिन धडधडलं आणि पट्टा सटकन उडून माझ्या धोतरावर येऊन पडला. पुन्हा चढवला, पुन्हा उडाला. धोतराचं वाटोळं झालं ते निराळंच.

मग गाव जमलं. लोहाऱ्यात डायनामो कुणी पाहिलेला नव्हता, पण मत प्रत्येकाला होतं. पिठाच्या गिरणीवाले कल्याणप्पा म्हणाले, "पट्टा घसरतोय. राळ लावा. माझ्या गिरणीला म्या तेच करतो." राळ लावली. पट्टा असा किंचाळला की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं, आणि मग तो उडाला. बंडप्पा लोहार म्हणाला, डायनामोखालची पट्टी तापवून वाकवू. वाकवली. आधी पट्टा डावीकडं उडायचा, आता उजवीकडं उडू लागला. याला सुधारणा म्हणायचं की बिघाड, यावर दोघांचं चांगलंच वाजलं. मी दोघांचंही ऐकत होतो आणि दोघांचंही पटत होतं, हीच माझी अडचण. शेवटी पट्टी होती तशी सरळ करून घेतली.

तिसऱ्या दिवशी चाँदपाशानं सगळ्यांना हाकललं. मला मात्र हाकललं नाही, कारण सुतळीचं एक टोक धरायला कुणीतरी हवं होतं. इंजिनाच्या चाकापासून डायनामोच्या चाकापर्यंत त्यानं सुतळी ताणली आणि एक डोळा मिटून बघत बसला. सुतळी तिरपी होती. हा ट्रकचा डायनामो जरासा मागं बसत होता, फार नाही, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. त्याला पुढं आणायचं तर बोल्टांमागं काहीतरी घालायला हवं. लोखंडी वायसर, म्हणजे भोकाच्या चकत्या, मिळाले ते बैलगाडीचे, बोल्टावर खुळखुळणारे. पत्र्याचे तुकडे घातले, ते नट आवळताच चेपले. चाँदपाशा सुतळी टाकून पायरीवर बसला. त्याचा चेहरा बघून मला शनिवारची आठवण काढायची लाज वाटली.

तेवढ्यात कल्याणप्पांची लेक जगदेवी कडेवर पोर घेऊन अजीजाबीचं दळण द्यायला आली. दळणाची पाटी टेकवायला तिनं पोराला खाली सोडलं, आणि ते उघडंबंब रांगत आलं. चाँदपाशा त्याच्याकडं टक लावून बघू लागला. मग एकदम उठला, पोराला उचललं आणि हातातला बोल्ट त्याच्या कमरेला लावून बघू लागला. पोरानं भोकाड पसरलं, जगदेवी ओरडली, "चाच्या, येड लागलं का काय तुम्हाला?" मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पोराच्या करदोड्यात भोकाचा पैसा होता. इंग्रजी अमदानीतला, मधोमध गोल भोक असलेला तांब्याचा पैसा. नवे पैसे आल्यापासून तो बाजारात चालत नव्हता, पोरांच्या कमरेला आणि शेळ्यांच्या गळ्यात तेवढा उरला होता. त्या भोकातून बोल्ट असा गेला, जणू त्यासाठीच पाडलं होतं.

मग चाँदपाशा घरोघर फिरला. "देतो परत, जसाच्या तसा," असं प्रत्येक आईला सांगत होता. बायका हसत होत्या, पण देत होत्या. संध्याकाळपर्यंत ओंजळीत पैसे जमले. दोन्ही बोल्टांमागं ते चळत लावून बसवले आणि एका बाजूला नेमका एक कमी पडला. एका पैशानं काय होतंय, असं मी म्हणालो. हॅण्डल मारल्यावर काय होतं ते दिसलं.

"आता गावात एकबी न्हाय," चाँदपाशा म्हणाला. "जाऊ द्या मास्तर. सोलापूर तर सोलापूर."

अजीजाबी दारात उभी होती. ती आत गेली. संदूक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काळा करदोडा होता, वीतभर, गाठ मारलेला. त्यात पैसा होता. ती संदूक तिनं कधी नवऱ्यालाही उघडू दिली नव्हती, हे मला ठाऊक होतं. चाँदपाशा मागं सरकला. "नगं," एवढंच म्हणाला.

तिनं दातानं गाठ तोडली. "घ्या म्हणते ना! पैसा जवळ ठिवून त्याला हितं सोडून जाऊ का?"

मला तेव्हा उठून जावं की थांबावं हेच कळेना. मी सुतळी गुंडाळत बसलो.

पट्टा उडाला नाही. बाकीचे पैसे परत द्यायचे तेवढे राहिले. आज काढू, उद्या काढू म्हणत मोटार धावत राहिली, आणि बायकांनीही कधी मागितले नाहीत. पुढं एस.टी.च्या फेऱ्या वाढल्या, मोटार उभी राहिली, पण तोवर शेतांवर तेलाची इंजिनं आली होती. ती दुरुस्त करून चाँदपाशाचं गावातच भागू लागलं. शेवटी एक भंगारवाला आला तेव्हा त्यानं डायनामो सोडवला आणि पैसे रॉकेलमध्ये धुऊन घरात आणले. मी ओट्यावर बसलो होतो.

अजीजाबीनं ते चिंचेनं घासले. सगळे सारखे लखलखले. ती एकेक उचलून उजेडात धरत होती, उलटा करत होती, पुन्हा ठेवत होती.

"काय बघता?" मी विचारलं.

"त्याला दात येत हुते तवा चावायचा. कडेला खूण हुती."

खूण नव्हती. इतकी वर्षं नटाखाली दाबून, घासून सगळ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. चाँदपाशा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, जणू मास्तर म्हणून मला उत्तर येत असावं. "म्या काय केलं हो हे?" तो म्हणाला.  

अजीजाबीनं सगळे पैसे पदरात बांधले. "कुठला का असंना," ती म्हणाली, "ह्यातलाच एक हाय न्हवं?" मग तिनं कोनाड्यातली उदबत्ती घेतली, पायात चपला सरकवल्या आणि कब्रस्तानाच्या वाटेला लागली. त्या दिवशी जुम्मेरात होती.