काकूचं वेगळं ताट

अन्याय झाला तो उमरठच्या माझ्या काकूवर, मी बारावीला होतो त्या वर्षी, गौरी जेवणाच्या दिवशी. तिला अन्ननलिकेचा कर्करोग होता. जन्मात तिने मशेरी लावली नव्हती, तरी वाडीत विचारायचे, "लपून लावत असशील गो?" तंबाखूविरोधी पत्रकं वाटणाऱ्या मीही तेच विचारलं होतं.

महाडचे डॉक्टर म्हणाले, काही रुग्णांच्या गाठीत एक विषाणू सापडतो, पण आजार त्यानेच होतो का, हे अजून नक्की नाही. तिची बदनामी थांबावी म्हणून मी वाडीत सांगून टाकलं, मशेरी नाही, विषाणू आहे. "नक्की नाही" हे सांगितलंच नाही.

गौरीच्या पंगतीला तिचं ताट एकटं पडवीत मांडलं. "पोरांना लागंल," बायका म्हणाल्या. काकू पेज ढवळत मला म्हणाली, "आधी चोरून मशेरी लावणारी, आता विटाळाची. तुझं हे नवं पत्रक लय चाललं रे."

सोबत जेवल्याने हा आजार लागत नाही, हे मग मी दारोदार सांगितलं. ताट पडवीतच राहिलं. आता सांगून सांगून थकलोय. तुमच्या घरात असं माणूस असेल, तर आज त्याच्या शेजारी बसून जेवा.