राजेसाबना वाटलं, आपला हात थकला

आमचे हे, राजेसाब, चादरीवरची नक्षी काढतात. आधी चौकटीच्या कागदावर काढायचे, आता घरीच कॉम्प्युटरवर. पन्नाशी उलटल्यावर माऊस धरायला शिकले, ते शिकवणाऱ्याचं डोकं खाऊन शिकले. मोर काढावा तर त्यांनीच. माझा नवरा म्हणून सांगत न्हाय, सोमशेखर शेटचा कारखाना ह्यांच्या नक्षीवर चालतो.

तर ह्या मे महिन्यात माणूस गप गप झाला. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलेना, तवा मला कळलं की काहीतरी बिनसलंय. खोदून विचारलं.

"गुलबानो, हात थकला," म्हणाले. "क्लिक करतो, ठिपका उमटत न्हाय. परत करतो तर दोन उमटतात. काल मोराला दोन चोची आल्या. शुक्रवारी नमाज झाली की शेटला सांगून येतो, दुसरा माणूस बघा."

माझं टाळकंच सरकलं. रिकामा बसला तर हा माणूस खचंल, हे मला पक्कं ठाऊक.

"हाताला कशाला दोष देताय? मशीन तपासा की."

"मशीन नवं हाय. आत फायली साठवायला एसएसडी हाय, जुन्या डिस्कवानी तिच्यात फिरणारं काय न्हाय. ती कशी थकंल?"

मी सरळ पुण्याला फोन लावला. आमची लेक आयेशा तितं कंपनीत कॉम्प्युटरच बघती. तिनं व्हिडिओवरनं मला कामाला जुंपलं. एसएसडी भरली का बघ म्हणाली. अर्धी रिकामी होती. खराब झालीय का, ते तपासायचा प्रोग्राम लावला. तब्येत ठणठणीत दाखवली. मग एक भलीमोठी फाइल इकडनं तिकडं टाकायला सांगितली. आधी सुसाट पळाली, मग रांगायला लागली.

"अम्मी, तापमान किती दाखवतंय?"

आकडा सांगितला तशी पोरगी दचकली. "अगं, एसएसडी लई तापली की जळू नये म्हणून आपणच हळू चालते. मग ठिपका उशिरा उमटतो, तोवर अब्बा परत क्लिक करतात, म्हणून दोन. कॉम्प्युटरचा डबा कुटं ठेवलाय? दाखव."

मी फोन टेबलाखाली नेला. डबा दिसंल तर शपथ. आमच्यात रीत हाय, नव्या नक्षीची पहिली चादर मागावरनं उतरली की नक्षीवाल्याच्या घरी येती. ती कुणी पांघरत न्हाय. शेजारच्या मागांचा कापूस उडून आत जाऊ नये म्हणून हे ती डब्यावर घालायचे. ह्या वर्षी काम जोरात, त्यामुळं चादरीवर चादर चढत गेली. आणि वर सोलापूरचा उन्हाळा. आयेशा हसून बेजार.

चादरी उतरवल्या. झाकण उघडून ब्रशनं कापूस काढला. गार झाल्यावर तीच फाइल परत टाकली, ती शेवटपर्यंत एका दमात गेली.

हे मागं उभेच होते. बसले, मोर उघडला. क्लिक केलं की ठिपका, क्लिक केलं की ठिपका. एक चोच झाली, मान झाली. मग माऊस सोडून त्यांनी आपला हात उताणा करून बघितला आणि त्यांचे डोळे भरले. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

"म्हणजे मी म्हातारा झालो न्हाय?"

"झालायसा की," मी म्हणाले. "पण हात चांगला हाय."

शुक्रवारी नमाज झाल्यावर शेटकडं गेले ते, पुढची नक्षी कसली काढू विचारायला.