प्रार्थनेच्या वहीतला पाचवा रकाना

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी कागदाचे चौकोनी तुकडे वाटले आणि सांगितलं, देवाने आपल्याला कोणतं कृपादान दिलं आहे ते प्रत्येकाने एका ओळीत लिहा. आमची मंडळी लहान. मंगरूळपीर आणि आजूबाजूची गावं धरून वीस-बावीस घरं. सगळ्यांत मिळून पेनं तीन निघाली, म्हणून वेळ लागला. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी ‘ढोलकी’ लिहिलं. कोणी गाणं लिहिलं, कोणी आजाऱ्यांना भेटणं. एका बाईंनी ‘भाजी चांगली होते’ असं लिहिलं आणि ते खरंच होतं.

मी अडले. माझा आवाज असा आहे की पेटी वाजवणारे भाऊ मला मागच्या बाकावर बसवतात. विश्वासाबद्दल बोलायचं म्हटलं तर बसमध्ये शेजारच्या बाईला दोन शब्द सांगतानाही माझा घसा कोरडा पडतो. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. शेवटी खरं तेच लिहिलं, ‘याद्या करता येतात.’

कागद मोठ्याने वाचले गेले तेव्हा माझ्या कागदावर लोक हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि पुढच्या रविवारी माझ्या हातात एक लांबडी वही दिली. “शुक्रवारच्या प्रार्थनेच्या विनंत्या आता तुम्ही लिहायच्या,” म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येक जण आपली अडचण सांगतो, सगळे मिळून प्रार्थना करतात, चहा होतो आणि पुढच्या शुक्रवारी मागचं कोणाला आठवत नाही. हे मला कधीपासून खटकत होतं. मी वहीत चार रकाने पाडले: कोण, कशासाठी, कधीपर्यंत, काय झालं.

तिसऱ्या रकान्यावर पहिल्याच दिवशी वाद झाला. “देवाले तारीख देता काय व बाई?” ढोलकीवाले आजोबा म्हणाले. चौथ्या रकान्यासाठी मी घरोघरी जाऊन विचारायला लागले तेव्हा ते आणखी चिडवायला लागले. “देवाची हजेरी घेऊन राह्यली काय तू?”

“देवाची नाई आजोबा, आपली,” मी म्हटलं. पण मनात मलाही तेच कुतूहल होतं. प्रार्थना झाल्यावर पुढे नेमकं काय होतं? अठ्ठेचाळीस वर्षांत मी ते एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता पाहायला लागले तर उत्तरं विचित्र निघाली. एका आजीच्या गुडघ्यासाठी आम्ही महिनाभर प्रार्थना केली होती. मी लिहिलं, ‘गुडघा तसाच. सून आता रोज तेल लावून देते. दोघी बोलतात.’ याला उत्तर मिळालं म्हणायचं की नाही, हे मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “लिहून ठेवा.”

आणखी एक गोष्ट झाली. वही हातात असली की माझा घसा कोरडा पडत नसे. भाजीवाली विचारायची, कायची वही हाय ही? मी सांगायची. मग ती म्हणायची, माह्या भावाचं लिहा ना. मला आपणहून सांगायला जमत नव्हतं, विचारायला जमत होतं. आणि विचारलं की लोक उलटून विचारत होते. हेच माझं कृपादान असेल, असं मला वाटायला लागलं. थोडा अभिमानही वाटायला लागला.

मग शेजारणीने विचारलं.

आमच्या आणि तिच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. ती अंगणवाडी सेविका. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी एकच. मुलगी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करते. बुधवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ती भिंतीपाशी आली.

“ताई, तुमच्या त्या वहीत आमचं लिहिता येते काय? आमी तं देव-गिव मानत नाई, तुमाले माहीतच हाय. पन पोरीचं हाय म्हनून.”

“वहीत धर्माचा रकानाच नाई, वयनी. सांगा.”

ती मागे वळून पाहून हळू बोलायला लागली. मुलीला अकरावीपासून फिट यायच्या. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत, अडीच वर्षांत एकदाही आलेली नाही. आता कामरगावचं स्थळ आलं आहे, चांगलं आहे, रविवारी पाहुणे येणार आहेत. त्यांना यातलं काही माहीत नाही. “विहारात मेनबत्ती लावून आली. दर्ग्यावर बी सांगून आली. आता तुमच्याइथं सांगून राह्यली. तेवढा रविवार नीट जाऊ द्या.”

‘कोणाला सांगू नका’ असं ती म्हणाली नाही. ते मी नंतर कितीतरी वेळा आठवून पाहिलं. तसं ती म्हणालीच नव्हती. पण ज्या आवाजात ती बोलली तो आवाज मी ऐकला होता.

मी घरात येऊन सगळं लिहिलं. मंडळीबाहेरून अशी इतकी मनातली विनंती पहिल्यांदाच आली होती. आणि शुक्रवारी, चौदा माणसांसमोर, ती मोठ्याने वाचली. नाव घेतलं नाही, एवढी काळजी घेतली. “आमच्या शेजारणीची मुलगी, फिटचा त्रास, रविवारी कामरगावचे पाहुणे.” माझ्या घराच्या एका बाजूला ती राहते आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी आहे, हे त्या चौदा जणांना माहीत होतं. मला वाचताना ते सुचलं नाही. आमच्यात अशी एक समजूत आहे की प्रार्थनेत सांगितलं म्हणजे कोणाला सांगितलं असं होत नाही. ही समजूत कोणी शिकवत नाही, ती असतेच.

चहाच्या वेळी एक मावशी माझ्याजवळ सरकल्या. त्या कामरगावच्या, कधीमधी इकडे आल्या की प्रार्थनेला येतात. “कामरगावचे म्हंजे मास्तरच्या घरचे काय? पोरगं वाशिमले नोकरीले हाय, तेच ना? अवं, आमच्याच गल्लीतले! लय चांगले लोक हायेत. मी उद्या चालली गावाले.”

मी कप खाली ठेवला. “मावशी, त्याइले काही सांगू नोका.”

“मी काहून सांगू? त्याइच्या घरी फक्त प्रार्थना करून येईन.”

आमचीच समजूत मला परत मिळाली होती.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “मावशीले आपला चष्मा कुठी ठेवला ते आठवत नाई. तिले हे आठवेल? गप राह्य. रविवार निंघून जाईल.”

तसं होऊ शकलं असतं. शनिवारी सकाळी मी कागद घेतला आणि गप राहायची कारणं एका बाजूला लिहिली. पाच निघाली. पाचही वाचून पाहिली तर ती पाचही माझ्या सोयीची होती. एकही तिच्या सोयीचं नव्हतं. आज्ञापालन हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला वाटायचं, आज्ञा झाली की ती कळते, घंटेसारखी. इथे कसलाही आवाज झाला नाही. मी प्रार्थनेला बसले ते, खरं सांगायचं तर, एखादी सूट मिळते का ते पाहायला. मिळाली नाही. उठले तेव्हा मला काय करायचं ते ठाऊक होतं आणि ते मला मुळीच करायचं नव्हतं.

दुपारी तिनेच हाक मारली. रविवारसाठी माझ्या सहा खुर्च्या हव्या होत्या. मी दोन-दोन करून तीन खेपांत त्या नेल्या आणि तिसऱ्या खेपेला सांगून टाकलं. शुक्रवारी वाचलं. कामरगावच्या मावशी होत्या. त्या त्यांच्याच गल्लीत राहतात. आज सकाळच्या बसने गेल्या.

ती खुर्ची पुसत होती. पुसतच राहिली.

“किती जन होते?”

“चौदा.”

“नाव घेतलं?”

“नाई.”

“मंग लोकाइनं गिरनीची पोरगी समजली असंल,” ती म्हणाली. फडकं तिने खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. “ताई, मी दर्ग्यावर सांगतलं, दर्ग्यानं कोनाले सांगतलं नाई. विहारात सांगतलं, तठूनही बाहेर गेलं नाई. तुमच्या देवाले निरोप देल्ला होता मी. गावाले नाई देल्ला.”

देवाला सांगणं आणि आपल्या माणसांना सांगणं या दोन गोष्टी आहेत, हे मला देव न मानणाऱ्या बाईकडून कळत होतं. “चुकलं माझं, वयनी,” एवढंच म्हणाले.

मुलगी दारात उभी होती. ती कामावरून कधी आली ते आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं.

“आई, मी महिन्यापासून काय म्हनून राह्यली? आपन सांगू. तू आयकतच नाई.”

“तू गप राह्य वं!”

“रोज साडेआठले गोयी घेतो मी. सासरी काय न्हानीत लपून घेऊ? आन एक दिवस फिट आली तं? दवाखान्यात लोकाइले मीच सांगतो, बिमारी लपवू नोका. आन माही मीच लपवू?”

आई रडायला लागली. मुलगी माझ्याकडे वळली. “काकू, कागद आना. मुलाच्या बहिनीचा नंबर हाय माह्यापाशी. मी बोलतो. पन आई रडली की मी अर्धं इसरतो. काय काय सांगाचं ते लिहून द्या.”

तिने मलाच का सांगावं, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. मी कागद आणला. आजाराचं नाव. केव्हापासून. शेवटची फिट केव्हा. कोणती गोळी. लग्न आणि मूलबाळ याबद्दल डॉक्टर काय म्हणाले. फिट आली तर जवळच्या माणसाने काय करायचं. हे सगळं तीच सांगत होती, मी फक्त क्रम लावला. शेवटी तिने स्वतःच एक ओळ घातली: ‘लपवायचं नव्हतं, भीती वाटत होती.’

स्पीकरवर लावलेला फोन सात-आठ मिनिटं चालला. आई आत भिंतीला टेकून ऐकत होती. पलीकडची बहीण नीट बोलली, दोन प्रश्न विचारले, घरी बोलून कळवते म्हणाली. मग मुलीने सहज विचारलं, तुमच्याकडे कोणी काही बोललं होतं का? नाही, ती म्हणाली, कोणीच नाही.

मावशी गावाला पोहोचल्याच नव्हत्या, हे नंतर कळलं. कारंज्याला लेकीने उतरवून घेतलं होतं, त्या चार दिवस तिथेच राहिल्या.

“म्हंजे,” शेजारीण आतून म्हणाली, “तुमी गप राह्यल्या असत्या तं…” मी घरी आले.

रविवारी सकाळी फोन आला. मुलगा तयार होता, पण घरातल्या मोठ्यांना नको होतं. पाहुणे आले नाहीत. दहाच्या सुमाराला मुलगी नेहमीसारखी कामावर गेली. दुपारी शेजारणीने खुर्च्या भिंतीपाशी आणून ठेवल्या आणि हाक न मारता आत निघून गेली.

पुढचा महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या विनंतीपुढचा ‘काय झालं’ हा रकाना मी कोरा ठेवला. तिथे काय लिहायचं तेच मला कळेना. चूक माझी, खरं बोलायची हिंमत मुलीची, मोडलेलं स्थळ तिचं. यात देवाने काय केलं? मी पाळकसाहेबांकडे गेले आणि वही परत घ्या म्हणाले. त्यांनी घेतली नाही. “तुम्हांला याद्या करता येतात हे खोटं नव्हतं,” ते म्हणाले. “कोणती कोणासमोर वाचायची ते मी शिकवलं नाही. ते माझं चुकलं.”

तेव्हा मी पाचवा रकाना पाडला: मोठ्याने वाचायचं की नाही. विनंती सांगणाऱ्यालाच विचारायचं. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोक ‘नाही’ म्हणाले. इतकी वर्षं ते चारचौघांत सांगत होते ते बहुतेक दुसरंच काहीतरी होतं. ढोलकीवाल्या आजोबांनी पहिल्यांदाच मला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. ती काय होती ते इथे लिहिणार नाही.

महिन्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी शेजारीण भिंतीवरून नाही, फाटकातून आली आणि ओसरीवर बसली. दुसरं एक स्थळ आलं होतं. पहिल्याच फोनवर तिने स्वतः सगळं सांगितलं होतं. “ते लोक ‘पाहू’ म्हनले. पाहू तं पाहू. निदान माह्या छातीत धडधड नाई राह्यली.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

“ते जाऊ द्या. मी एक विचाराले आली. मावशीनं काही सांगतलं नव्हतं. तुमी गप बसल्या असत्या तं कोनाले काही समजलं नसतं, आन मी तुमच्याशी बोलतच राह्यली असती. तरी तुमी खुर्च्या घेऊन आल्या आन सांगतलं. काहून?”

मी खरं सांगितलं. “सांगाचं नव्हतं मले. देवानं सांगाले लावलं.”

“कसं सांगते तो? आवाज येते?”

“नाई येत.”

“मंग?”

बसमध्ये कोरडा पडणारा माझा घसा त्या दिवशी कोरडा पडला नाही, पण शब्दही नीट येईनात. मी त्या पाच कारणांपासून सुरुवात केली, मग मागे जाऊन पाळकसाहेबांचे कागदाचे तुकडे सांगितले, मग येशूचं सांगायला लागले आणि मधेच अडखळले. तिने मला थांबवलं.

“हे लंबं हाय,” ती म्हणाली आणि पाय वर घेऊन नीट बसली. “चाय ठेवा पह्यले.”