मुग्धाच्या नावाची मूठ

मुलांनो, त्या दिवसांत देवाला नैवेद्य दाखवताना माझा हात अडखळायचा. ताटाभोवती पाणी फिरवायचे, डोळे मिटायचे, आणि मनात यायचे की घरातले मूल जेवत नाही आणि मी मूर्तीपुढे पान वाढून बसले आहे. इतक्या वर्षांचा नेम मी मोडला नाही, पण त्यातला जीव गेला होता. हे मी कुणालाच सांगितले नव्हते. आज तुम्हाला लिहिते आहे, तेही मुग्धाला विचारून. ती म्हणाली, "लिही आजी, पण मला बिचारी करू नकोस."

तुमची ही चुलतबहीण अकरावीत असताना बारीक होत गेली. आधी सगळ्यांनी कौतुकच केले. मीही केले. गोड सोडले, तेलकट सोडले, शिस्तीत अगदी माझ्यावर गेली आहे, असे मी फोनवर तुमच्या बाबांना अभिमानाने सांगितल्याचे आठवते. मग एके दिवशी ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, आणि जळगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आजाराचे नाव सांगितले : ॲनोरेक्सिया. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर तिथे 'भूक न लागणे' एवढेच लिहिलेले. मुग्धाला भूक लागत होती. तिला जेवणाची भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाल्या, हा हट्ट नाही, नखरे नाहीत, आजार आहे. बरा होतो, पण वेळ घेतो. काय वाढायचे ते आहारतज्ज्ञ ठरवतील, तुम्ही फक्त सोबत बसून जेवा, घास मोजू नका. तिच्या आईबाबांच्या नोकऱ्या, त्यामुळे दुपारचे जेवण माझ्याकडे आले. डॉक्टरांचे ते वाक्य मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतले, आणि त्याच्याच खाली रकाने आखले. वेळ, पदार्थ, घास, शेरा.

अशात श्रावण आला. आपल्या खानदेशातली देवी कानबाई तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून सांगते. श्रावणातल्या रविवारी नारळाची कानबाई चौरंगावर बसते आणि तिच्यासाठी रोट होतात. घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, आणि त्याच कणकेच्या पुरणाच्या पोळ्या करायच्या. त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या, बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, आणि एक तुकडाही उरवायचा नाही. पूर्वी फक्त पुरुषांच्या नावाने मुठी निघत. सासूबाई गेल्यावर मी हट्टाने मुलींच्याही काढायला लावल्या होत्या, आणि त्याचा मला फार अभिमान होता. धुळ्याला धाकट्या जाऊबाईंकडे आपली कानबाई असते. तिथे गहू काढताना मी मुग्धाला मुद्दाम जवळ बसवले आणि म्हटले, "ही बघ, तुझ्या नावाची मूठ. आईचा प्रसाद आहे, याला नाही म्हणायचं नसतं."

जाऊबाई हसून म्हणाल्या, "अक्का, तुम्ही मुठी काढताय का मार्क देताय?"

मला तेव्हा कळायला हवे होते. जे माझ्याने झाले नाही, ते मी देवीच्या धाकाने करून घ्यायला निघाले होते. मुग्धाने त्या गव्हाकडे असे पाहिले, जणू कुणी तिला शिक्षा वाचून दाखवली. रविवारी पंगत बसली, तिच्या पानात रोट पडला, चारी बाजूंनी "खा गं, थोडं तरी खा" सुरू झाले, आणि ती उठून मागच्या ओट्यावर निघून गेली. मी ताट उचलून तिच्या मागे गेले. एका हातात रोटाचे ताट आणि काखेत वही. दाराशी पोचले आणि थांबले, कारण ओट्यावर ती एकटी नव्हती.

दर्शनाला आलेली एक अनोळखी बाई, साधारण पन्नाशीची, पायरीवर बसली होती. बाहेरची म्हणून तिला रोट चालणार नव्हता.

"तू बी पाव्हनी शे का वं?" तिने विचारले.

"नाही. घरचीच आहे."

"मंग भायेर काबरं बठनी?"

"जेवायचं नाहीये मला."

"बरं," ती म्हणाली आणि आपले फडके सोडून दादर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ लागली. मुग्धाकडे पाहिले नाही, खा म्हणाली नाही. शिरपूरकडच्या एका आश्रमशाळेत ती स्वयंपाक करत होती. भाकरी मोडता मोडता सांगत राहिली, "नवी पोर यी ना, ते चार दिन जेवस नही. तिना ताटकडे देखानं नही. आपलं आपलं जेवानं. आनि जेवनी ते शाब्बास बी म्हनानं नही."

"माझी आजी वही लिहिते," मुग्धा म्हणाली. "माझ्या घासांची."

"तुनी आजी मास्तरीन शे का?"

"होती."

"मंग बरोबर शे!"

मुग्धा हसली. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला, ते माझ्या कोणत्याच रकान्यात नव्हते. थोड्या वेळाने तिने स्वतःहून हात पुढे केला. बाईने त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि, जणू काही झालेच नाही अशी, शिरपूरची गाडी कुठून मिळेल ते विचारत राहिली. "पन मन्हा रोट उरना," मुग्धा अर्धवट तिच्याच बोलीत हळू आवाजात म्हणाली, "कानबाई रागावेल." बाई म्हणाली, "माय शे ती. आज नही जेवनी ते सकाय जेवशी. माय काय रुसस का?" आज नाही तर उद्या जेवशील, आई कधी रुसते का, एवढेच.

मी तशीच मागे फिरले. पंगतीत जाऊन जाऊबाईंना म्हटले, मुग्धाचा रोट उरला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सरळ त्याचे तुकडे केले. एक मला, एक तिच्या आईला, एक स्वतःला. "भाऊबंद कशाला असतात, अक्का?" तिच्या नावाचा तो घास तोंडात घेताना माझे डोळे भरून आले. मूठ एकेकाच्या नावाने निघते, संपवायची मात्र सगळ्यांनी. इतकी वर्षे मी मुठी मोजल्या आणि हे पाहिलेच नव्हते.

बाहेर आले तेव्हा ती बाई निघून गेली होती. जाऊबाईंना वाटले शेजाऱ्यांची पाहुणी, शेजाऱ्यांना वाटले आमची. नाव विचारायचे राहिले. कुणी तिला कानबाई म्हणाले, कुणी हसले. मी दोन्ही ऐकून घेते. डॉक्टरांनी सांगितलेलेच तिने सांगितले, पण ते माझ्या वहीतून उतरून हातात यायला तीच यावी लागली. सोमवारी कानबाईचे विसर्जन झाले, पूजेचे निर्माल्य बाहेर निघाले, आणि घरी परतल्यावर माझी वही कपाटात गेली, ती पुन्हा उघडली नाही.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे लिहिणार नाही. मध्ये दोनदा दवाखान्यात राहावे लागले. अजून दर आठवड्याला डॉक्टरांकडे जाणे आहे, आणि अशा मुलामुलींच्या आईबाबांची एक बैठक असते, तिथे मीही जाते आणि गप्प बसायला शिकते. तुम्ही तिला फोन कराल तेव्हा 'भरलीस', 'बारीक झालीस' यातले काही बोलू नका. ती हल्ली चित्रे काढते, त्यांच्याबद्दल विचारा.

यंदा पुन्हा धुळ्याला गेलो. मुग्धाने स्वतःच्या नावाची मूठ स्वतः काढली, जरा लहानच, आणि आम्ही काही म्हटले नाही. पंगतीत ती माझ्या शेजारी बसली होती. आता नैवेद्य दाखवताना माझा हात अडखळत नाही. पान वाढायचे एवढेच माझे काम, पुढचे त्या माउलीचे. मुग्धाने यंदा किती रोट खाल्ला, ते मात्र मला सांगता येणार नाही. मी माझ्या पानात पाहून जेवत होते.