वाढत्या अंगाची बासरी

सरांनी लहान बासरी घ्यायला सांगितलं होतं. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि जिच्यासाठी ती बासरी घ्यायची होती त्या माझ्या पोरीला तर नाहीच.

पोरगी तेव्हा आठवीत होती. आम्ही निरवांगीला राहतो. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. नरसिंहपूरच्या जत्रेत तिनं एक बासरी घेतली होती, फुगेवाल्याच्या काठीला खोचलेल्या असतात तसली. त्या बासरीवर तिनं प्रार्थना बसवली, मग राष्ट्रगीत बसवलं, आणि शाळेतल्या बाई घरी येऊन म्हणाल्या, हिला कुठंतरी शिकायला घाला. म्हणून दर रविवारी सकाळी तिला गाडीवर मागं बसवून बारामतीला क्लासला न्यायचो. ती आत बसायची आणि मी बाहेर, चपलांच्या शेजारी, पायरीवर.

त्या पायरीवरच माझं बिघडलं.

सर शिकवताना स्वतःची लांब बासरी वाजवायचे. तिचा खालचा पंचम लागला की पायरीवर बसलेल्या माझ्या बरगडीत काहीतरी हलायचं. याहून नीट सांगता येत नाही. आमच्या घरात माझ्या जन्माआधी मेंढरं होती. आजोबा त्यांच्यामागं पावा वाजवत फिरायचे असं ऐकून आहे. वडलांनी मेंढरं विकली, ऊस लावला, आणि मी लहानपणी एकदा बोरूची नळी फुंकत बसलो तर म्हणाले, "फुकून प्वाट भरत न्हाय." मी ती नळी टाकून दिली. त्याचं दुःख वगैरे मला कधी झालं नव्हतं. निदान त्या पायरीवर बसेपर्यंत मला तसं वाटत होतं.

वर्षभरानं सरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "आता ही जत्रेतली पुरे. हिला मधल्या दर्जाची, सुरात असलेली बासरी पाहिजे. पांढरी पाचची घ्या. पांढरी तीनच्या नादाला आत्ता लागू नका. ती लांब असते, भोकं लांब लांब असतात, हिची बोटं पुरायची नाहीत. बोटं पुरली नाहीत की मुलं कंटाळतात. मोठी झाली की घेऊ."

पांढरी पाच, पांढरी तीन ही पेटीच्या पट्ट्यांची नावं. बासरीच्या बाबतीत एवढंच ध्यानात ठेवायचं, की पांढरी तीनची बासरी मोठी आणि खर्जाची, पांढरी पाचची तिच्याहून आखूड. सरांच्या हातात असायची ती पांढरी तीनची.

पोरगी तेव्हा पाणी प्यायला गेली होती. तिनं हे ऐकलं नाही.

पैसे बायकोनं दिले. तिची भिशी लागली होती. त्यातले काढून देताना म्हणाली, "ह्याच्यात बसंल तेवढीच घ्या. वर एक रुपाया न्हाय." मी मान डोलावली.

बारामतीत वाद्यांचं दुकान होतं. पुढं ढोलक्या, लेझीम, मागं पेट्यांची दुरुस्ती. दुकानदार बोलका होता. पोरीला बघून म्हणाला, "मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो, ही तर बासरी. वाजव बिनधास्त." त्यानं पांढरी पाचच्या तीन-चार काढून दिल्या. तिनं एकेक फुंकली. एका बासरीवर ती थांबली, पुन्हा फुंकली, आणि माझ्याकडं बघून हसली. दुकानदारानं मोबाईल पुढं धरला. त्यात सूर तपासायचं काहीतरी होतं, त्याच्यात एक काटा हलायचा. तिनं सा धरला आणि काटा मधोमध जाऊन उभा राहिला.

"घ्या," दुकानदार म्हणाला. "तुमच्या बजेटात वरून पिशवीपण बसते."

मी म्हणालो, "पांढरी तीनची दाखवा."

त्यानं पोरीच्या हाताकडं बघितलं. "हिला?"

"सरांनीच सांगितलीय," मी म्हणालो.

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. पण ते तोंडातून असं सरळ आलं, जसं काही मी घरूनच तोंडात धरून आणलं होतं.

दुकानदार म्हणाला, "सरांचं वेगळं हो. पांढरी तीनची चांगली तुमच्या पैशात यायची नाही. या पैशात पाचची निवडून मिळते, तीनची म्हणजे मग ह्या ढिगातली." आणि त्यानं खालून एक जुडगा काढला. त्यातली एक जरा वाकडी होती, एकीच्या तोंडाशी चीर गेलेली, वर दोरा गुंडाळलेला. ज्या बऱ्या होत्या त्यांतली एक पोरीच्या हातात दिली. तिनं खांदा वर केला, मान वळवली, बोटं ताणली. वरची तीन भोकं बंद झाली. खालच्या हाताचं करंगळीशेजारचं बोट शेवटच्या भोकापर्यंत पोहोचेना. पोहोचलं की मधलं भोक उघडं पडायचं. फुंकल्यावर सूर आला नाही, नुसता वारा आला.

"अण्णा, पुरंना," ती म्हणाली.

"बघू."

मी ती घेतली आणि फुंकली. मला काही येत नव्हतं. घरात कुणी नसताना तिच्या जत्रेतल्या बासरीवर चार-दोनदा तोंड लावलं होतं, तेवढंच. पण सगळी भोकं माझ्या बोटांखाली आपोआप झाकली गेली आणि तो खालचा पंचम आला. फाटका, थरथरता, पण तोच. मोबाईलमधला काटा इकडंतिकडं झुलत होता. मी काट्यावरचा माणूस. ट्रॅक्टरवाले मला म्हणायचे, "तात्या, तुमच्या मापात पाप न्हाय." मी त्या काट्याकडं बघितलं आणि मोबाईल हातानं बाजूला सारला.

"हीच घेऊ," मी म्हणालो. "वाढत्या अंगाची."

आमच्याकडं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. शाळेचा गणवेश दोन बोटं आत दुमडून टाका घालायचा, चप्पल मोठी घेऊन पुढं कापूस कोंबायचा, सायकल अशी घ्यायची की पहिलं वर्ष पोरगं दांडीखालून पाय घालून चालवतं. पोरीनं जन्मात दुसरं काही बघितलं नव्हतं. म्हणून वाढत्या अंगाची म्हटल्यावर तिनं लगेच मान डोलावली. "व्हय अण्णा. दोन वर्षं जाईल मग." पांढरी पाचची ती बासरी तिनं स्वतः उचलून दुकानदाराकडं परत दिली. फडक्यानं पुसून दिली.

गणवेश आत दुमडता येतो. बासरीची भोकं कशी दुमडणार? हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पिशवी पैशात बसली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. बायको म्हणाली, "अवं, ही बासरी हाय का चुलीचं फुकणं? पोरीपरास लांब हाय." आम्ही तिघंही हसलो.

पुढच्या रविवारी सरांनी ती बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एवढी मोठी?" मी पायरीवर उभा होतो, पोरगी माझ्या शेजारी वाकून चपला काढत होती. मी म्हणालो, "तिलाच आवडली. हट्ट धरला."

ती वाकलेलीच राहिली. मग उभी राहिली, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि सरांना म्हणाली, "व्हय सर."

तिला वाटलं असणार, दुकानात सरांचं नाव नुसतं पुढं केलं होतं, खरं तर वाढत्या अंगाची घेतली, पैसे वाचवले, हे सांगायला अण्णांना लाज वाटतीय. म्हणून तिनं माझी लाज आपल्या अंगावर घेतली. सरांनी खरं काय सांगितलं होतं ते तिला माहीतच नव्हतं. सर तिला म्हणाले, "हट्टानं घेतलीस ना? आता पुरव बोटं."

ती पुरवायला लागली. संध्याकाळी ओट्यावर बसून रियाज करायची. आत नुसती फुसफुस ऐकू यायची. बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "ह्याच्यापरास माझा कुकर सुरात हाय." पोरगी आधी हसायची, मग हसेनाशी झाली. शाळेत बाकावर हात पसरून बोटांची अंतरं मोजायची असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. एकदा तेलाची वाटी घेऊन आईजवळ बसली आणि विचारलं, "आई, बोटं वढली तर वाढत्यात का गं?"

"वढून वाढली असती तर भेंडी झाली असती त्यांची," आई म्हणाली.

"मग माझीच एवढी आखूड कशी?"

"माझ्यावर गेलीस. ह्यांची बग कशी लांब हायेत."

मी तिथंच बसलो होतो. पेपर वाचत होतो. दोघींनी माझ्या बोटांकडं बघितलं, आणि मी पेपर जरा वर धरला.

त्या दिवशी सांगता आलं असतं. दुकान तिथंच होतं, बासरी नवी होती, थोडे पैसे घालून बदलूनही मिळाली असती. मी स्वतःशी म्हणालो, पुढच्या पगाराला बघू. पुढच्या पगाराला दुसरं काही निघालं. खरं सांगायचं तर निघालं नसतं तरी मी गेलो नसतो. ती झोपली की मी ती बासरी खुंटीवरून काढून नुसती हातात धरून बसायला लागलो होतो.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाला. तिच्याबरोबरीची मुलं बासऱ्या घेऊन पुढं बसली. ती मागच्या ओळीत होती, तिच्या हातात सरांनी टाळ दिले होते. तिनं टाळ चोख वाजवले. परत येताना जंक्शन गाव मागं पडलं. मग मागून म्हणाली, "अण्णा, मला आता क्लास नको."

"का गं?"

"माझी बोटं न्हाईत त्याची."

मी म्हणालो, "तुझी मर्जी." गाडी चालवत होतो, तोंड पुढं होतं, म्हणून तिला दिसलं नाही. मला बरं वाटलं होतं. मला जी लाज आहे ती दुकानातल्या खोटेपणाची कमी आणि या बरं वाटण्याची जास्त आहे. आपलं लेकरू हार मानतंय आणि बाप मनात म्हणतोय, आता ती माझी.

आणि ती माझी झाली. कारखान्याचं उसाचं गळीत संपलं की काट्यावर काम नसतं. मी मोबाईलवर बघून बघून शिकलो. सकाळी मोटर चालू करायला शेतात गेलो की तिथंच बांधावर बसून वाजवायचो. वरचे सूर त्या बासरीवर आजही नीट लागत नाहीत, ढिगातलीच ती. पण खालचा पंचम येतो. गावातले लोक म्हणायला लागले, "तात्या, रक्तात हाय तुमच्या. आज्याचा पावा बोलतोय." मी ते ऐकून घ्यायचो. बायको पाव्हण्यांना कौतुकानं सांगायची, "पोरीनं टाकली, ह्यांनी उचलली. पैसं वाया न्हाय गेलं."

आता पोरगी फार्मसी शिकते, बारामतीला होस्टेलवर असते. या दिवाळीत आली होती. मी बांधावर वाजवत होतो, ती चहा घेऊन आली. मला ती आलेली कळली नाही. वाजवून थांबलो तर मागून म्हणाली, "अण्णा, किती छान वाजवताय तुम्ही."

मी बासरी खाली ठेवली. 

"बरं झालं ना मोठी घेतली ते," ती म्हणाली. आता ती असं बोलते, शहरातल्यासारखं. "मला नाही तर नाही, तुम्हाला तरी उपयोगी पडली. मी उगाच तेव्हा क्लासचे पैसे घालवले तुमचे."

"तसं नाही काही," मी म्हणालो.

"असंच आहे. माझी बोटंच आखूड. होस्टेलला एक मुलगी गिटार शिकवते म्हणत होती, मी म्हटलं, नको बाई, आमच्या हातांचं काही खरं नाही." ती हसली. मला चहा दिला आणि बोलता बोलता बासरी उचलून आडवी धरली. ओठाला लावली नाही. नुसती धरली, जुन्या सवयीनं.

तिची सहाही बोटं सहा भोकांवर बरोबर बसली होती. ताण नाही, उघडं काही नाही. वाढत्या अंगाची बासरी अंगाला आली होती, आणि तिचं तिकडं लक्षच नव्हतं. ती उसाकडं बघत तोडीचं विचारत होती, टोळी कधी येणार म्हणून. मी म्हणालो, येईल आठवड्यात. तिनं बासरी ओढणीच्या टोकानं पुसली आणि माझ्या हातात परत दिली. त्या दुकानात पांढरी पाचची परत दिली होती, तशीच.

फुंकून बघ, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर सूर लागला असता, आणि सूर लागला असता तर तिनं विचारलं असतं, मग तेव्हा का लागला नाही?

पाडवा करून ती परत गेली. मी तिला एसटीत बसवून आलो.

मी तिचं एवढं देणं लागतो. सरांनी पांढरी पाचची सांगितली होती. मी पांढरी तीनची घेतली, आणि ती माझ्यासाठी घेतली. हट्ट तिनं धरला नव्हता, तिची बोटं आखूड नव्हती. हे तिच्या तोंडावर सांगायचं अजून राहिलं आहे.